बाटलीतली हवा

बाटलीत हवा किती अडकली आहे ते मोजणं, हे माझं काम होतं. कुणाला सांगितलं की तो हसायचा. सोड्याच्या बाटलीत हवाच तर असते, ती काय मोजायची? मग मला समजावून सांगावं लागायचं की सोड्यातला गॅस वेगळा आणि आपण श्वासात घेतो ती हवा वेगळी. गॅस मुद्दाम, दाबाखाली पाण्यात मुरवलेला असतो. हवा मात्र नको असताना शिरते. ती शिरली की संत्र्याच्या पेयाचा वास थोड्याच दिवसांत उतरतो, त्याला वाळलेल्या सालीसारखी चव येते, आणि बूच काढल्याबरोबर अर्धी बाटली फेस होऊन अंगावर येते. कधी कधी याहून वाईट होतं. ते एकदा आमच्याकडे झालं.

ही पन्नास सालानंतरची गोष्ट. अंधेरीच्या पूर्वेला, कुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तेव्हा भाताची खाचरं आणि म्हशींचे गोठे होते, आणि मध्येच एखादी नवी फॅक्टरी. आमची त्यांतलीच एक. आमची म्हणजे शेठची. पण आम्ही सगळे तिला आमचीच म्हणायचो. आधी तिथे गोटीच्या बाटल्या भरत. मग शेठनी कुठून तरी जुनं विलायती मशीन आणलं, जे बाटली भरून तिच्यावर पत्र्याचं बूच दाबून बसवायचं. ते चालवायला माणूस हवा होता. माझे वडील तेव्हा परळच्या एका गिरणीत फिटर होते. शेठनी त्यांना तिथून उचललं. पगाराबरोबर फॅक्टरीच्या आवारातच, मागच्या बाजूला, राहायला दोन खोल्या मिळाल्या. गिरणगावातल्या एका खोलीतून आम्ही तिथे आलो: आई, बाबा, मी आणि धाकटी बहीण. आईला तर तो बंगलाच वाटला. दाराशी तिने अळू लावलं.

मी अंधेरीच्या कॉलेजातून बीएस्सी झाले आणि बाबांनीच साहेबांकडे शब्द टाकला. साहेब म्हणजे फॅक्टरीचे केमिस्ट, पार्ल्याचे, पन्नाशीचे, सदा पांढऱ्या शर्टात. त्यांना हाताखाली माणूस हवा होता. मुलगी चालेल का, असं बाबांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले म्हणे, रेघा वाचता आल्या म्हणजे झालं.

लॅबोरेटरी म्हणजे एका कोपऱ्यातली पत्र्याच्या छपराची खोली. कडप्प्याचा ओटा, एक मोरी, दोन कपाटं. ओट्यावर लोखंडी चौकट होती. तीत बाटली घट्ट बसवायची आणि वरून एक पोकळ सुई बुचातून आत घुसवायची. सुईला दाबाचा काटा आणि एक छोटी तोटी. तोटीपासून रबरी नळी निघून काचेच्या उभ्या नळीत जायची, आणि ती काचेची नळी कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने काठोकाठ भरलेली असायची. बाटली चांगली हलवायची, तोटी उघडायची, की आतला वायू बुडबुड्यांनी वर चढायचा. कॉस्टिकचं पाणी गॅस गिळून टाकायचं. जे गिळलं जात नाही ती हवा. ती नळीच्या टोकाशी जाऊन बसायची आणि काचेवरच्या रेघांवर ती किती ते वाचायचं. चांगल्या बाटलीत ती करंगळीच्या नखाएवढीही नसायची. हे काम मला आवडायचं. कॉस्टिकने बोटांची सालं निघत, पण आवडायचं.

भरलेल्या बाटल्या पट्ट्यावरून पुढे सरकत आणि एका पेटत्या दिव्यासमोरून जात. तिथे स्टुलावर बसून एका बाईने बघत राहायचं, की आत काही कचरा, केस, काचेची कपची तर नाही. त्या जागेवर काकी बसायची. काकी आमच्या गावची, देवगडकडची. नवरा गेल्यावर दीर-जावेने नीट वागवलं नाही म्हणून मुंबईला आली, वाकोल्याला भावाकडे राहिली. बाबांनीच तिला कामावर लावलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं. मधल्या सुट्टीत ती आमच्याकडे जेवायला यायची, आईशी गावच्या भाषेत गप्पा मारायची, जाताना बहिणीच्या केसांची वेणी घालून द्यायची. माझ्या कामाची तिला फार गंमत वाटे. दारातून डोकावून विचारायची, "काय गो, आज किती हवा गावली?"

त्या वर्षी चैत्रातच ऊन तापलं. आणि माझ्या नळीतली हवा वाढायला लागली. आधी वाटलं माझंच काही चुकतंय. नळी धुतली, कॉस्टिक नवं केलं, रबर बदललं. हवा होती तिथेच. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. साहेबांनी स्वतः बसून पाहिलं. त्यांच्याही हातून तेच आलं. त्यांनी शेठना सांगितलं की कुठून तरी हवा शिरतेय, मशीन दोन दिवस थांबवून बघावं लागेल. शेठ म्हणाले, उन्हाळ्यात मशीन थांबवायचं तर फॅक्टरी काढलीच कशाला.

हवा शिरली की पाण्यात गॅस नीट मुरत नाही. पेय पांचट लागायला लागलं, दुकानदारांच्या तक्रारी यायला लागल्या. त्यावर साहेब आणि शेठ यांनी मिळून ठरवलं की दाब वाढवायचा. बाबांना सांगितलं. त्यांनी काटा वर नेला. जुन्या, घासून घासून चरे पडलेल्या बाटल्या होत्या, नव्या मिळत नव्हत्या. वाढवलेल्या दाबाने भरायच्या मशीनपाशी त्या फुटायला लागल्या. तिथे जाळी होती, त्यामुळे कुणाला लागत नव्हतं. फट्ट असा आवाज यायचा आणि कुणी मान वर करून बघायचंही नाही. सवय झाली होती.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी मी नळी भरत होते. आवाज झाला तो नेहमीसारखाच. पण त्याच्यामागोमाग मशीन थांबलं. मशीन थांबल्यावर जी शांतता झाली तिच्यावरूनच मला कळलं की काहीतरी झालंय. धावत गेले तर काकी स्टुलावर तशीच बसली होती, दोन्ही हात तोंडावर धरून. बोटांच्या फटींतून संत्र्याचं पाणी आणि रक्त एकत्र मनगटावर, मनगटावरून पदरावर गळत होतं. ती ओरडत नव्हती. बाजूच्या बायका ओरडत होत्या. बाबा कुठून तरी आले, त्यांनी तिला लहान मुलासारखं उचललं आणि मालाच्या लॉरीत ठेवून इस्पितळात नेलं. दिवा तसाच पेटलेला होता. मी तो विझवला.

डोळा काढावा लागला.

शेठचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं, की तिने बाटली हातात घेऊन टेबलावर आपटली असणार. कुणी पाहिलं, असं विचारलं तर कुणाचं नाव नाही. दुसऱ्या दिवशी स्टुलावर दुसरी बाई बसवली. त्या बाईने पदर नाकापर्यंत ओढून घेतला होता, त्याने काय थांबणार होतं? मग भर दुपारी गोडाऊनमध्ये, जिथे कुणीही नव्हतं, खोक्यांत ठेवलेल्या बाटल्या आपोआप फुटल्या. एकीमागून एक. तो आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर स्टुलावर बसायला एकही बाई तयार होईना, आणि काकीने बाटली आपटली हे शेठनाही परत म्हणता येईना.

आता मशीन थांबलंच. साहेब मला म्हणाले, "बाई, हवा कुठून शिरते ते शोधा. शेठ मशीन विकायचं बोलतायत."

मशीन विकलं तर सगळेच घरी. आणि आम्हाला घरही नाही.

शोधायचं म्हणजे एकेक वाट बंद करत जायचं. बाबांनी भरायचं मशीन पार उघडलं, एकेक तोंड सोडवून घासलं, परत जोडलं. थोड्या बाटल्या भरल्या. मी मोजल्या. हवा तेवढीच. मग साहेबांना वाटलं, पाक ढवळताना त्यात हवा मिसळते. पाक न घालता नुसतं गॅसचं पाणी भरलं. हवा तेवढीच. बुचं बदलली, बुचाच्या आतली कॉर्कची चकती बदलली. तेवढीच. प्रत्येक वेळी मी तोटी उघडायची आणि नळीत हवा वर चढताना बघायची, आणि मनात म्हणायची, थांब, आता थांब. ती थांबायची नाही. माझ्या मागे बाबा उभे असायचे. मी मान वळवली की माझ्या तोंडावरून समजून घेऊन निघून जायचे.

घरी ते जेवत नव्हते. ताटावर बसायचे, भात कालवायचे, आणि उठायचे. आई आधी रागावली, मग त्यांचं ताट झाकून ठेवायला लागली. इस्पितळात ते रोज जात होते, पण काकीच्या खाटेपाशी नव्हे. बाहेर व्हरांड्यात बसून तिच्या भावाला विचारून परत यायचे. आत का जात नाही, असं आईने विचारलं तर म्हणाले, हवा सापडू दे, मग जातो.

शेवटी एकच जागा उरली होती. पाणी टाकीतून ओढून गॅसकडे ढकलणारा पंप. ते साहेबांच्याही लक्षात आलं असावं, पण ते बोलले नाहीत. मी घरी हळूच विषय काढला. बाबा म्हणाले, "पंपाक काय्येक झाला नाय. माज्या हातचो पंप आसा तो. एक थेंब गळणा नाय."

एक थेंब गळत नव्हता हे खरंच होतं. आम्ही सगळे तेच बघत होतो, कुठे गळतंय का. पण पंपाची एक बाजू ओढून घेणारी असते. त्या बाजूला भोक पडलं तर पाणी बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते. जमीन कोरडी ठणठणीत राहते. हे मी कॉलेजात शिकले होते, बाबांनाही ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. पण स्वतःच्या हाताने बांधलेल्या गोष्टीकडे माणूस वेगळ्या डोळ्यांनी बघतो. मला भीती वाटत होती. हवा सापडली नाही तर घर जाणार, आणि पंपात सापडली तर बाबा जाणार. दोन्हीकडून आमचंच जायचं होतं. देवापाशी काय मागावं तेच मला कळत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी देवघरातून उदबत्त्यांचा पुडा घेतला. आईने विचारलं, कुठे चाललीस? मी म्हटलं, लॅबमध्ये. पंपघराची किल्ली बाबांच्या खिशात असायची, म्हणून त्यांच्याकडे मागावी लागली. त्यांनी माझ्या हातातल्या उदबत्त्यांकडे बघितलं. किल्ली दिली नाही. स्वतःच उठले आणि पुढे चालू लागले.

पंपघराचं दार बंद करून घेतलं, म्हणजे वारा नको. बाबांनी पंप सुरू केला. मी उदबत्ती पेटवली आणि नळाच्या एकेका जोडाजवळ धरत गेले. धूर सरळ वर जात होता. टाकीपासून पंपापर्यंत सगळे जोड झाले. मला वाटलं, सुटलो. मग पंपाच्या दांड्यापाशी धरली, जिथे दांडा आत शिरतो आणि त्याच्याभोवती दोरीचं पॅकिंग ठासलेलं असतं. धूर वाकला. वाकून, बारीक होऊन, दांड्याच्या कडेने आत गेला.

मी हात मागे घेतला. बाबा म्हणाले, "परत धर."

परत धरली. परत तसंच. त्यांनी माझ्या हातातून उदबत्ती घेतली आणि स्वतः धरली. पार बोटांपर्यंत जळत येईस्तोवर धरून होते.

थंडीत त्यांनी ते पॅकिंग बदललं होतं. त्याला लागणारी विलायती दोरी तेव्हा बाजारात मिळत नव्हती, बाहेरून माल येणं बंद होतं. मग गिरणीत करायचे तसं सुताची दोरी चरबीत भिजवून त्यांनी ठासली. चांगली दोरी आली की बदलायची असं मनाशी ठरवून. मग हंगाम आला, मशीन अहोरात्र चालायला लागलं, आणि ते राहून गेलं. उन्हाने आणि दांड्याच्या घासण्याने चरबी निघून गेली, दोरी आत आक्रसली. हे सगळं त्यांनी मला तिथेच, पंपापुढे उकिडवं बसून, एखाद्या परक्या माणसाने केलेलं काम सांगावं तसं सांगितलं.

मी त्यांना म्हटलं, आपण आत्ताच बदलून टाकू या. उद्या मी मोजते, हवा गेलेली असेल. भरायचं मशीन साफ केलं म्हणून गेली असं साहेबांना वाटेल. कुणाला कळणार नाही. मी बरंच काही बोलले. आईचं नाव घेतलं, बहिणीचं घेतलं, खोल्यांचं बोलले. रडलेसुद्धा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुका कळला मां?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शेठच्या ऑफिसात गेले. मी आणि साहेब बाहेर उभे होतो. आत आवाज चढला तो शेठचाच. बाबांचा ऐकू आला नाही. ते बाहेर आले तेव्हा त्यांची नोकरी गेलेली होती आणि महिनाअखेरीला खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. पॅकिंग मात्र त्यांनीच बदलून द्यायचं होतं, दुसरं कुणी जाणणारं नव्हतं. ते दुपारभर बसून त्यांनी बदललं, पुन्हा चरबीत भिजवलेल्या सुताच्या दोरीनेच. संध्याकाळी मी बाटली लावली, तोटी उघडली. नळीच्या टोकाशी हवेचा टिकलीएवढा बुडबुडा येऊन थांबला. इतके दिवस मी त्याचीच वाट बघत होते. तो दिसल्यावर मी तोटी बंद केली आणि आकडा वहीत लिहिला.

दाब वाढवा असं सांगणारे साहेब आणि शेठ होते. तो वाढवला नसता तर पेय पांचट झालं असतं, बाटली फुटली नसती. हे साहेबांनी शेठना सांगावं म्हणून मी वाट पाहिली. ते बोलले नाहीत. मग मीच त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसत राहिले आणि म्हणाले, "बाई, माझ्याही घरी माणसं आहेत."

मला नोकरी सोडायची होती. आईने सोडू दिली नाही. तिने फक्त विचारलं, "मगे खावचा काय?" मी कामावर जात राहिले.

खोल्या सोडायच्या आधी बाबा मला घेऊन वाकोल्याला गेले. काकी इस्पितळातून भावाकडे आली होती. चाळीतली अंधारी खोली, बाहेर गटारावर टाकलेल्या फळ्या. ती भिंतीला टेकून बसली होती, अर्ध्या तोंडावर पट्टी. आम्हाला बघून तिला बरं वाटलं. मला जवळ बसवून घेतलं, आईची चौकशी केली. भावजय चहा ठेवायला उठली. बाबा बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं, पॅकिंगचं, चरबीचं, दोरीचं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. शेवटी म्हणाले, चूक माझी.

काकीने पट्टीवरचा पदर सारखा केला. मग तिने विचारलं, "त्या दिवशी तुमका ठावक होता?"

"नाय. पण बघूक व्हया होता."

"व्हया होता," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "आता घराक जावा."

चहा तसाच राहिला. चाळीबाहेर आल्यावर बाबा एकदम खाली बसले, रस्त्याच्या कडेला, दगडावर. मला वाटलं चक्कर आली. ते तोंडावर हात धरून बसले होते. आजूबाजूने माणसं जात होती. मी त्यांच्याजवळ उभी राहिले. त्यांना हात लावायचं धैर्य मला झालं नाही.

आम्ही घाटकोपरला मावशीकडे गेलो. एका खोलीत दोन कुटुंबं. मी तिथून रोज बस बदलत अंधेरीला यायची आणि जिथे आम्ही राहायचो त्या खोल्यांसमोरून लॅबोरेटरीत जायची. तिथे आता नवा फिटर राहत होता. आईचं अळू त्याच्या बायकोने उपटून टाकलं होतं.

बाबांना काम मिळेना. काम नव्हतं असं नाही. घाटकोपर, भांडुप, मुलुंड, सगळीकडे नव्या फॅक्टऱ्या उठत होत्या आणि फिटर हवे होते. पण मागची नोकरी का सोडली, असं कुणी विचारलं की बाबा सांगायचे. सगळं सांगायचे, काकीच्या डोळ्यापर्यंत. माणूस मान डोलवायचा आणि कळवतो म्हणायचा. आई त्यांच्या पाया पडली, की नका सांगू, प्रकृतीमुळे सोडली म्हणा. ते हो म्हणायचे. आणि परत येऊन खाली मान घालून बसले की आम्हाला समजायचं, आजही सांगितलं. पावसाळा तसाच गेला. ते मावशीच्या दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट देत, पाय जवळ घेऊन बसलेले असायचे. माझी शंका अशी की त्यांना काम नकोच होतं. पुन्हा कुठलं यंत्र हाताखाली घ्यायची त्यांना भीती वाटत होती. एकदा मावशीचा प्रायमस स्टोव्ह बिघडला तर त्यालाही हात लावला नाही. मावशीने तो पैसे देऊन बाहेरून दुरुस्त करून आणला.

याच दिवसांत मी एक केलं. काकीला शेठ परत घेत नव्हते. दिव्यापुढे एका डोळ्याची बाई काय कामाची, असं म्हणत होते. मी साहेबांना म्हटलं, लॅबोरेटरीत बाटल्या आणि काचसामान धुवायला बाई लागते, काकीला घ्या. मला वाटलं होतं, ते चष्मा पुसतील. पण त्यांनी त्याच दिवशी शेठकडे जाऊन ते करून घेतलं. कसं केलं ते मला सांगितलं नाही.

काकी आली. तिने काचेचा डोळा लावला नव्हता, त्या बाजूला पदर ओढून घ्यायची. आम्ही दोघी एका खोलीत, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ती मोरीशी, मी ओट्याशी. भरायच्या मशीनकडे अजूनही अधूनमधून एखादी बाटली फुटायची. तो आवाज आला की काकीचे हात पाण्यात थांबायचे आणि ती मोरीची कड धरून उभी राहायची. मी नळीवरून नजर काढायची नाही. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज परत सुरू व्हायचा. आईबद्दल, बहिणीबद्दल ती विचारायची. बाबांबद्दल कधीच नाही. आणि बाबा घरी रोज एकच विचारायचे, काकी कामावर आली होती का. मी हो म्हणायची.

दिवाळीच्या आसपास मुलुंडला पंप दुरुस्तीच्या एका वर्कशॉपचा मालक मावशीच्या यजमानांना भेटला. सरदारजी होता, फाळणीत सगळं सोडून आलेला. त्याने बाबांना बोलावलं आणि मागचं काही विचारलंच नाही. समोर एक उघडलेला पंप ठेवला आणि जोडून दाखव म्हणाला. बाबांनी कित्येक महिन्यांनी हातात पाना धरला. पंप जोडून झाल्यावर त्यांनी न विचारता सगळी हकिकत सांगितली. सरदारजी ऐकून घेऊन म्हणाला, उद्यापासून ये, आणि इथे प्रत्येक पॅकिंग तूच तपास. पुढे त्या वर्कशॉपमध्ये बाबा म्हातारे झाले. दुसऱ्याने ठासलेलं पॅकिंग ते उचकटून परत ठासायचे, त्यावरून भांडणं व्हायची. घरी हसणं-बोलणं मात्र पहिल्यासारखं कधी आलं नाही.

काकी आणि ते पुन्हा एकदाच समोरासमोर आले. काही वर्षांनी बहिणीचं लग्न होतं, घाटकोपरलाच, चाळीच्या अंगणात मांडव घालून. काकीला बोलवायला आई स्वतः वाकोल्याला गेली होती. ती येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. ती आली, बायकांच्या पंगतीत बसली. बाबा भाताचं पातेलं घेऊन वाढत होते. एकेका पानावरून पुढे येत येत ते तिच्या पानापाशी आले आणि थांबले. हातातलं पातेलं तसंच. मागे वरणवाला खोळंबला होता. मी मांडवाच्या खांबापाशी उभी होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

काकीने मान वर केली नाही. पानातलं मीठ बोटाने बाजूला सारलं आणि म्हणाली, "वाढा."

बाबांनी वाढलं. जरा जास्तच वाढलं. ते पुढच्या पानाकडे वळले, आणि काकी त्यातलं एक शीतही न टाकता सगळं जेवली.